भाला, बरची आणि आपले पूर्वज

संघाच्या मालवण येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता



संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत शिष्यवृत्त्या, वसतिगृहाचा निधी आणि वधूवर-सूचक मंडळ असे जिव्हाळ्याचे विषय असताना मध्येच भाला आणि बरची कोठून आली, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ते स्वाभाविक आहे. तथापि हा विषय आम्ही हेतुपुरस्सर निवडला आहे. ज्ञातीच्या स्मरणिकांतून घराण्यांचे वृत्तांत छापण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, आणि अशा वृत्तांतांत ‘आमचे मूळपुरुष शिवछत्रपतींच्या पदरी भालाईत होते’ या धर्तीचे वाक्य बहुधा आढळते. शेजारी चित्र असेल तर त्यात उधळलेला घोडा, वर फेटा बांधलेला स्वार आणि त्याच्या हाती उंच भाला असावयाचा. वाक्य अभिमानाचे आहे आणि अभिमान वाईट नव्हे. पण तो भाला कोणत्या जातीचा, तो घोड्यावरचा की पायदळातला, गडावरचा की गलबतावरचा, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ पुरा होत नाही. आजचे आमचे सांगणे एवढ्या एका प्रश्नापुरते आहे.

इंग्रजी भाषेत यासाठी दोन मुख्य शब्द आहेत: स्पिअर आणि लान्स. काठीला टोकदार पाते बसविलेले कोणतेही शस्त्र म्हणजे स्पिअर. ते हाती धरून भोसकता येते, प्रकार हलका असेल तर फेकताही येते, आणि ते मुख्यतः पायी लढणाऱ्याचे असते. लान्स हे त्याच कुळातले, पण घोडेस्वाराचे शस्त्र. त्याची लांबी, वजन व धरण्याची रीत ही सर्व घोड्याच्या वेगाला धरून ठरलेली असतात. लान्स हातचा सोडावयाचा नसतो.

मराठीत आपण या दोहोंनाही सर्रास भाला म्हणतो. याचा अर्थ आपली भाषा दरिद्री आहे, असा मात्र कोणी घेऊ नये. भाला, बरची, बल्लम, सांग, विटा, नेजा हे सर्व शब्द आपल्याकडे होते आणि प्रत्येकाचा संकेत ठरलेला होता. भाला म्हणजे विशेषेकरून स्वाराचे लांब शस्त्र. बरची त्याहून आटोपशीर. बल्लम आखूड दांड्याचा व रुंद पात्याचा, पायदळाच्या कामाचा. सांग ही पात्यापासून दांड्यापर्यंत सगळीच लोखंडी. नेजा हा शब्द फारसीतून आला आणि त्याबरोबर टोकाखाली फडकणाऱ्या लहान निशाणाची आठवणही आली. विट्याची गंमत अशी, की त्याच्या मागच्या टोकाला दोर बांधलेला असे व दोराचे दुसरे टोक लढवय्याच्या मनगटाला. शस्त्र फेकावयाचे, वार साधावयाचा आणि झटका देऊन ते परत हाती घ्यावयाचे. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांतून विटा अजूनही पाहावयास मिळतो. हे फरक मोगलांच्या दरबारालाही ठाऊक होते. ‘आईन-ए-अकबरी’त नेजा, बरछा, सांग, सैंथी हे प्रकार वेगवेगळे नोंदलेले आहेत. छत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी जो ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला, त्यातही शस्त्रवर्ग स्वतंत्र ठेवलेला आहे.

मग हे फरक पुसले कोणी? आमच्या मते याचे उत्तर दोन जुने संस्कृत ग्रंथ शेजारी ठेवले असता सापडते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगितली आहेत. तेथे शक्ती, प्रास, कुंत, शूल, तोमर ही नावे एकापुढे एक येतात, आणि त्या सर्वांना मिळून ‘हलमुख’, म्हणजे नांगराच्या फाळासारख्या तोंडाची, असे वर्गनाम दिले आहे. वर्ग एक, पण नावे निराळी. आता अमरकोश उघडा. तेथे प्रास आणि कुंत हे एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळतात. आयुधागाराच्या अध्यक्षाला कोठारातून काय बाहेर गेले आणि काय परत आले याचा हिशेब द्यावयाचा असतो, म्हणून त्याला फरक राखावा लागतो. अमरकोश तयार झाला तो काव्य रचणारांच्या सोयीसाठी. कवीला वृत्तात बसेल असा शब्द हवा असतो. इतिहास आणि कथा यांची फारकत येथूनच सुरू होते, असे आम्हांस वाटते. ज्याचा प्राण त्या शस्त्रावर अवलंबून असतो तो नाव चुकवीत नाही. ज्याला केवळ त्याची शोभा हवी असते, त्याला कोणतेही नाव चालते.

खुद्द ‘भाला’ या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. तो ज्या संस्कृत ‘भल्ल’ शब्दापासून आला, तो भल्ल हा बाणाचा एक प्रकार होता. म्हणजे जे मुळात धनुष्यावरून सुटून जाणारे होते, त्याचे नाव मराठ्यांच्या घोडदळात हातून कधीही न सुटणाऱ्या शस्त्राला मिळाले.

आता या स्वाराच्या भाल्याचा थोडा विचार करू. ग्रँट डफ याने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात, भाला हे मराठ्यांचे राष्ट्रीय शस्त्र होय आणि तो चालविण्यात व घोडा फिरविण्यात त्यांचे कौशल्य डोळ्यांत भरते, अशा अर्थाचे वर्णन केले आहे. भालाईत स्वाराजवळ बहुधा तलवार असे. ढाल मात्र अडचणीची, ती भाला मोडला तर उपयोगी पडावी एवढ्यासाठीच कोणी बाळगी, असेही तो सांगतो. या तपशिलातच त्या शस्त्राचे सर्व शास्त्र आहे. भाला दहा-बारा फूट लांब असला, म्हणजे तलवारीचा मनुष्य टप्प्यात येण्यापूर्वीच स्वाराचा वार झालेला असतो. वाराला लागणारे बळ दंडातून थोडे आणि घोड्याच्या धावेतून फार येते. स्वाराचे काम रिकिबीत पाय रोवून नेम धरण्याचे, आणि आदळल्याबरोबर टोक मोकळे करून घेण्याचे. हे जमले नाही तर भाला मोडतो, किंवा स्वारच खाली येतो. म्हणून दांडा हलका, लवचिक आणि तरीही न फुटणारा हवा. भरीव बांबू या कामी उत्तम. आपल्या जिल्ह्यात कुडाळ-कणकवलीकडे जो माणगा होतो, तो जवळजवळ भरीव असतो हे आपण सर्व जाणता. त्याची लांब काठी एका टोकाला धरून दुसरे टोक स्थिर ठेवून पाहा, म्हणजे धावत्या घोड्यावर ते करणे ही काय विद्या होती, याची कल्पना येईल.

ही विद्या शिकण्यासाठी बोथाटीचा खेळ होता. भाल्याच्या पात्याऐवजी काठीच्या टोकाला कापडाचा गोळा बांधावयाचा, तो रंगात बुडवावयाचा आणि दोघांनी घोडे फिरवीत एकमेकांवर चालून जावयाचे. ज्याच्या अंगावर रंग उमटला तो हरला. असा भाला फेकून देणारा स्वार पुढच्याच क्षणी निःशस्त्र होतो. नाटका-चित्रपटांत घोड्यावरचा वीर लांबलचक भाला भिरकावून शत्रूला पाडतो, ते दृश्य डोळ्यांना कितीही सुखवो, मराठा स्वाराच्या लेखी ती आत्महत्या ठरली असती.

कथाकारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण सर्वच कथा या बाबतीत बेफिकीर नाहीत. महाभारतातील कर्णाची वासवी शक्ती घ्या. ती एकदाच फेकता येते, फेकल्यावर इंद्राकडे परत जाते. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती. पण रात्रीच्या युद्धात घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडविली, तेव्हा ती त्याच्यावर सोडणे भाग पडले आणि अर्जुन वाचला. पुढचा सारा कथाभाग, ‘फेकले की हातचे गेले’ या एका गुणावर उभा आहे. शक्तीऐवजी तेथे स्वाराचा भाला ठेवला तर कथाच कोसळते. शल्यपर्वात युधिष्ठिर शल्याचा वध करतो तोही शक्ती फेकूनच. व्यासांनी शस्त्र ओळखले होते.

परदेशी वाङ्मयातही असा दाखला आहे. सर्व्हान्टिस या स्पॅनिश लेखकाच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीचा पहिला भाग 1605 मध्ये निघाला. तिचा वेडापीर नायक पवनचक्क्यांना राक्षस समजून घोड्यावरून चाल करतो, त्याचा भाला फिरत्या पात्यात घुसतो, भाल्याचे तुकडे होतात आणि घोड्यासह तो जमिनीवर लोळतो. प्रसंग हास्यरसाचा आहे. पण वेगाने आदळलेल्या भाल्याचे आणि त्याच्या स्वाराचे काय होते, याचे ते वर्णन चोख आहे. लेखक स्वतः सैनिक होता, हे सांगितल्यावर कोणास नवल वाटणार नाही.

आपल्या घरच्या दशावताराकडे या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानी येते. देवळासमोरच्या लहानशा रंगमंचावर एक बाक, तोच राजाचे सिंहासन, तोच पर्वत, तोच महाल. एवढ्या जागेत बारा फुटी भाला फिरविला तर पहिला घायाळ मृदंगवाला व्हावयाचा! म्हणून तेथे युद्ध तलवारीने होते, गिरक्या घेत, तालावर. प्रेक्षक रात्रभर तलवारच पाहतात. तलवार म्हणजे शौर्य, हे समीकरण लोकांच्या मनात रुजण्यास रंगभूमीची ही गरजही थोडीफार कारण झाली असावी. रंगभूमीला दोष देण्याचे येथे कारण नाही. रंगभूमीचा पुरावा इतिहासाला चालत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

ऐतिहासिक कादंबरी व चित्रे यांच्या बाबतीत मात्र थोडी कठोर परीक्षा हवी. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे सिंहगडचा कडा चढून गेले. अंधारात कडा चढणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात. त्याच्या हाती स्वाराचा उंच भाला देणाऱ्या चित्रकाराने स्वतः कधी कडा चढलेला नसतो. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली जावळीच्या दाट रानात जी धुमाळी झाली, तीही लांब भाल्याची जागा नव्हे. मोकळे माळरान, घोडा आणि धावेला वाव, या तीन गोष्टी असतील तेथेच तो भाला शोभतो.

आणि येथेच आम्ही आपल्या दाराशी येऊन पोचतो. आपला हा किनारा पाहा. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री, मध्ये खाड्या, खाजण, माडांच्या बागा आणि भातशेतीचे कोपरे. येथे घोडदळाला मैदान कोठे? शिवछत्रपतींनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1665 मध्ये, ते मालवणहून आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. त्या आरमारात 85 लहान आणि 3 मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या पत्रात नमूद आहे. त्या तरांड्यांवर कोण होते? या किनाऱ्यावरची माणसे होती. नांगर टाकणारी, शीड चढविणारी, वल्ही मारणारी, तोफेला बत्ती देणारी आणि प्रसंग येताच शत्रूच्या जहाजावर उडी घेणारी. गलबतावर चाळीस-पन्नास वल्ह्यांची दाटी, वर डोलकाठ्या व दोरखंड. तेथे लांब भाला म्हणजे अडगळ. तेथले शस्त्र आटोपशीरच असले पाहिजे: तलवार, आखूड बरची, बंदूक. गडाच्या तटावर, बुरुजाच्या जिन्यात आणि दरवाजाच्या देवड्यांतही तोच न्याय.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा: आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज शस्त्रधारी असतील, तर ते स्वारापेक्षा गडकरी, हशम किंवा आरमारी असण्याचा संभव अधिक. हे ऐकून कोणाचे मन खट्टू होऊ नये. घोड्यावरचा भाला हे शौर्याचे एक रूप आहे, एकमेव रूप नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर खवळलेल्या दर्यात गलबत सांभाळणाऱ्याला, किंवा चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या दुर्गात महिनोन्‌महिने पहारा करणाऱ्याला, उसन्या घोड्याची गरज नाही. आपण त्याच्या हाती नसलेला भाला देतो, तेव्हा त्याच्या हातचे खरे वल्हे नकळत काढून घेतो. मग त्याच्या नातवंडांना वल्हे हलके वाटू लागते. यात नुकसान त्या मृत पूर्वजाचे होत नाही, ते जिवंत मुलांचे होते.

याला अपवाद आहेत आणि ते अभिमानाने सांगावेत. आज गोव्यात असलेल्या पेडणे तालुक्यातील केरी गावचे जिवबादादा बक्षी हे महादजी शिंद्यांच्या सैन्यात मोठ्या पदाला चढले आणि त्यांनी उत्तर हिंदुस्थानापर्यंत स्वाऱ्या केल्या. घाट चढून गेलेल्या कोकण्यांनी घोडाही वश केला. पण ते कागदपत्रांनी सिद्ध झालेले आहे, चित्राने नव्हे.

म्हणून घराण्याचा वृत्तांत लिहिणाऱ्या बंधुभगिनींना आमची विनंती आहे. प्रथम घरातील मोडी कागद पाहावेत. सनद, इनामपत्र, वतनाचे कागद यांत पूर्वजाचा उल्लेख कोणत्या शब्दाने केला आहे, ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. ‘बारगीर’ असेल तर घोडा सरकारी. ‘शिलेदार’ असेल तर घोडा व शस्त्र स्वतःचे. ‘नाईक’ असेल तर शिवकाळी पायदळातल्या लहानशा तुकडीचा तो म्होरक्या असू शकतो. ‘हवालदार’ या शब्दाशी विशेष जपावे, कारण सभासदाच्या बखरीवरून दिसते त्याप्रमाणे हवालदार घोडदळातही होता, पायदळातही होता, आणि गडाचा मुख्य अंमलदारही हवालदारच. केवळ त्या एका शब्दावरून घोड्याचे चित्र काढणे धाडसाचे होईल. ‘भालदार’ हा तर आणखी निराळा. तो दरबारात व मिरवणुकीत भाला घेऊन पुढे चालणारा मानकरी. कागद घरात नसतील तर पुणे व कोल्हापूर येथील पुरालेखागारांत शोध घेता येतो. आणि घरी दसऱ्याला पूजेत ठेवण्याचे एखादे जुने शस्त्र असेल, तर ते घासूनपुसून चकचकीत करण्यापूर्वी त्याची लांबी मोजावी, पाते कसे बसविले आहे ते पाहावे, मागच्या टोकाला कडी किंवा छिद्र आहे का ते तपासावे. कित्येकदा शस्त्र स्वतःच आपले नाव सांगते.

आता हा विषय केवळ पुराणवस्तूंचा आहे, असे तरुणांनी समजू नये. स्वाराचा भाला युरोपात मागे पडत चालला असता पोलंडच्या भालाईतांनी नेपोलियनच्या बाजूने लढताना त्याचा दरारा पुन्हा बसविला. 1811 मध्ये स्पेनमधील आल्बुएरा येथे त्यांनी इंग्रजांच्या पायदळाची एक तुकडी जवळजवळ नामशेष केली. तो धडा घेऊन 1816 मध्ये ब्रिटिशांनी आपल्या काही घोडपथकांना भाला दिला. जे शस्त्र मराठ्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होते, ते इंग्रजांच्या घोडदळाने इतक्या उशिरा उचलले. पुढे यांत्रिक युद्धाचा काळ आला आणि 1927 मध्ये त्यांनी तो लढाईच्या सामानातून काढून टाकला. आज भारतीय सैन्यातील ‘लान्सर्स’ नावाची पथके रणगाड्यांवर स्वार होतात. राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांच्या हाती मात्र निशाणासह भाला अजून दिसतो, आणि तो खरोखरीचा स्वाराचा भाला आहे.

दुसरीकडे भालाफेकीचा खेळ आहे. 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्रा यांनी 87.58 मीटर अंतर गाठून सुवर्णपदक मिळविले, आणि भाला हा शब्द आपल्या शाळांतील मुलामुलींच्या तोंडी पुन्हा खेळू लागला. पुरुषांच्या स्पर्धेतील हा भाला किमान 800 ग्रॅम वजनाचा व सुमारे 2.6 ते 2.7 मीटर लांबीचा असतो. तो फेकण्यासाठीच घडविलेला आहे. जुन्या संकेताप्रमाणे तो तोमराच्या जवळचा. धनुष्यावरून सुटणाऱ्या भल्लाचे नाव स्वाराच्या मुठीत स्थिरावले होते, ते आता पुन्हा हवेत झेपावले आहे. शब्दांनी असा प्रवास खुशाल करावा. आपण मात्र कोणत्या काळातला भाला, हे विचारावयास विसरू नये.

ज्ञातीचा इतिहास लिहिणे म्हणजे पूर्वजांना सजविणे नव्हे, त्यांना ओळखणे होय. ज्याच्या हाती भाला होता त्याला भाला द्यावा, ज्याच्या हाती बरची होती त्याला बरची, आणि ज्याच्या हाती वल्हे होते त्याला ते तितक्याच मानाने द्यावे. स्मरणिकेसाठी असे शोधपूर्वक लिहिलेले वृत्तांत अधिकाधिक येवोत, अशी इच्छा आम्ही व्यक्त करतो.